जमिनीलगतचा वारा : मंदावला, मग सावरला

कृषी वेधशाळेच्या कुंपणाआत, कापलेल्या गवतावर, लाकडी चौकटीवर एक पसरट पात्र ठेवलेले असते. व्यास साधारण १२२ सेंटिमीटर, खोली जेमतेम पाव मीटर. पक्ष्यांनी आणि भटक्या जनावरांनी पाण्याला तोंड लावू नये म्हणून भारतात त्यावर तारेची जाळी बसवतात. रोज सकाळी निरीक्षक येतो, पातळी पाहतो, कालपासून जितकी उतरली असेल तितके पाणी मोजून भरतो आणि आकडा वहीत उतरवतो. काम इतके साधे, की यातून हवामानशास्त्रातले एक मोठे कोडे निघेल असे कोणाला वाटले नसावे. पण ते निघाले.

१९९५ साली थॉमस पीटरसन, व्याचेस्लाव गोलुबेव आणि पावेल ग्रोइसमन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. अमेरिका आणि पूर्वीचा सोव्हिएत संघ या दोन्ही प्रदेशांत अशा पात्रांतले बाष्पीभवन अनेक दशके घटत चालले आहे, असे त्यांना दिसले. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी भारतातल्या नोंदी तपासल्या. इथेही तेच. पृथ्वी तापते आहे, तर पाणी जास्त उडायला हवे. प्रत्यक्षात पात्रातून ते कमी उडत होते.

पाणी उडायला चार गोष्टी लागतात. ऊन हवे, हवा उष्ण हवी, ती कोरडी हवी, आणि पाण्यालगत साचलेली दमट हवा सरकवून तिच्या जागी नवी आणणारा वारा हवा. २००२ मध्ये मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कुहर यांनी उन्हाकडे बोट दाखवले. ढग आणि हवेतले सूक्ष्म कण यांमुळे १९५० नंतरच्या काही दशकांत जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश अनेक ठिकाणी घटला होता, आणि उत्तर गोलार्धातले बरेचसे कोडे त्यातून सुटत होते. ऑस्ट्रेलियात मात्र तो हिशेब बसेना. तिथेही पात्रातले पाणी कमी उडत होते, पण दोष उन्हाच्या माथी मारता येत नव्हता. कॅनबेरातल्या याच शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह चारही घटकांचा वाटा वेगवेगळा काढला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला : घट मुख्यतः वाऱ्यामुळे आहे. वारा मंदावला आहे.

पाण्याच्या मागावर निघालेली माणसे अशी वाऱ्यापाशी येऊन पोचली. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या देशातल्या वह्या उघडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाच्या टिम मॅकव्हिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातल्या १४८ अभ्यासांचा आढावा घेतला. जिथे पुरेशी केंद्रे आणि पुरेशी वर्षे होती, तिथली सरासरी घट निघाली वर्षाला ०.०१४ मीटर प्रतिसेकंद. आकडा क्षुल्लक दिसतो. पन्नास वर्षांत तो ०.७ होतो. जमिनीवरच्या बहुतेक केंद्रांवर वर्षाची सरासरी तीन-चार मीटर प्रतिसेकंद एवढीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ०.७चे वजन कळते. पवनचक्कीच्या भाषेत तर ते आणखी वाढते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्के घटला तर शक्ती २७ टक्क्यांनी घटते.

तापमानाची चर्चा आज चहाच्या टपरीवरही होते, पावसाची तर आपल्याकडे कायमच होती. वाऱ्याची मात्र होत नाही. वादळ आले तर त्याची बातमी होते. रोजचा वारा थोडा कमी झाला तर तो कोणाच्या अंगाला जाणवत नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत यंत्र आणि वही यांच्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच हे व्याख्यान ॲना मणी यांच्या स्मृतीला वाहिले आहे.

१९१८ साली केरळातल्या पीरमेडला जन्मलेल्या मणी या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर काम केले. १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. तोवर साधीसाधी उपकरणेही परदेशातून येत. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले आणि ती देशात बनू लागली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले परवडले, हा त्यांचा आग्रह होता. १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी १९८३ मध्ये भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे देशभर मनोरे उभारून पवनऊर्जेचे सर्वेक्षण चालवले. देशात पवनऊर्जेची पहिली केंद्रे १९८६ मध्ये कोकण, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर उभी राहिली. वारा कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात, हे विचारणाऱ्याला दाखवायला देशाजवळ काही होते ते या कामामुळे.

मणींचा आग्रह वाऱ्याच्या बाबतीत इतका का महत्त्वाचा, ते पाहिले पाहिजे. तापमापकाला सावली आणि खेळती हवा दिली की त्याचे बरेचसे भागते. वायुवेगमापक त्याहून फार हळवा. त्याच्या फिरत्या वाट्यांची रचना आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये केली. पुढे, २८ डिसेंबर १८७९च्या रात्री, स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात रेल्वेगाडीसकट कोसळला आणि वाऱ्याचा दाब नेमका किती धरायचा हा प्रश्न अभियंत्यांच्या मानेवर बसला. त्या अपघाताने अस्वस्थ झालेल्या डब्ल्यू. एच. डाइन्स यांनी दाबनळीवर चालणारा, वाऱ्याचा झोत न् झोत टिपणारा मापक तयार केला. पण जगभर वापर राहिला तो मुख्यतः वाट्यांचाच, आणि वाट्या शेवटी धारव्यांवर म्हणजे बेअरिंगवर फिरतात. धूळ बसते, वंगण सुकते, धारवा झिजतो. मग हलकी झुळूक वाट्यांना हलवू शकत नाही आणि वहीत शून्य पडते. यंत्र हळूहळू म्हातारे होत जाते आणि कागदावर वारा पडत जातो.

दुसरी अडचण जागेची. जागतिक हवामान संघटनेचा नियम सांगतो, की वारा मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर मोजावा आणि जवळचा अडथळा त्याच्या स्वतःच्या उंचीच्या निदान दहापट लांब असावा. दहा मीटरचे झाड असेल तर शंभर मीटर दूर. केंद्र स्थापन होते तेव्हा हे पाळले जाते. चाळीस वर्षांनी? भारतातल्या कृषी वेधशाळांत वाट्यांचा मापक तीन मीटरवरच असतो, कारण पिकाला भेटणारा वारा जाणून घ्यायचा असतो. कुंपणाबाहेरचे जिरायत रान कालव्याच्या पाण्याने बागायत झाले, तिथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, बांधावर सुबाभूळ आणि निलगिरी लागली, तर त्या मापकाने काय मोजायचे? तो खोटे बोलत नाही. त्याच्यापर्यंत जेवढा वारा येतो तेवढाच तो सांगतो. पण तो आकडा मान्सूनच्या प्रवाहाबद्दल बोलतो आहे की शेजारच्या उसाबद्दल, हे वहीतून कळत नाही.

हा प्रश्न साऱ्या उत्तर गोलार्धाला विचारला तो रॉबेर व्होतार या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या गटाने. २०१० मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेला त्यांचा निबंध या विषयाचा कणा म्हणावा असा आहे. १९७९ ते २००८ या तीस वर्षांतल्या ८२२ केंद्रांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. मध्य अक्षांशांतल्या जवळजवळ सगळ्या भूभागांवर वारा पाच ते पंधरा टक्क्यांनी मंदावला होता, आणि जोराचा वारा हलक्या वाऱ्यापेक्षा जास्त मंदावला होता. मग त्यांनी वर पाहिले. फुग्यांसोबत सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींत वरच्या थरांतला वारा तसा घटलेला दिसेना. दाबातल्या फरकांवरून काढलेला वाराही घटत नव्हता. निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप यांची सांगड घालून वातावरणाचा जो भूतकाळ पुन्हा रचतात, त्यातही ही घट फारशी उमटत नव्हती. आणि त्या प्रारूपांत जमिनीवरची झाडी बदलत नाही, ती कायम तीच धरलेली असते. तेव्हा संशय जमिनीवरच जाणार.

नदीचे पाणी मध्ये जोरात आणि काठाच्या दगडगोट्यांपाशी संथ वाहते, तसेच हवेचे आहे. फक्त हवेचा काठ तिच्या तळाला असतो. हा काठ किती खडबडीत, यावर दहा मीटरवरचा वेग ठरतो. आदर्श स्थिती धरून एक साधा हिशेब मांडता येतो. दोनशे मीटर उंचीवर वारा तोच आहे असे समजू. खाली उघडे गवताळ रान असेल तर दहा मीटरवर त्याचा सुमारे ६६ टक्के वेग उरतो. त्याच रानात तुरळक झाडे, कुंपणे, उंच पिके आली तर ६१ टक्के. वस्ती दाटली तर ४३. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याने होणारी घट आठ टक्क्यांची आहे, म्हणजे व्होतार यांच्या पाच ते पंधराच्या पट्ट्यात अगदी सहज बसणारी. त्यासाठी शहर वसावे लागत नाही. रान थोडे दाट झाले की पुरे.

असे रान दाट झाले कुठे? युरोप-आशियाच्या मोठ्या पट्ट्यात. सोव्हिएत संघ फुटल्यावर सामुदायिक शेते ओस पडली, नांगर थांबला, आधी झुडपे आणि मग बर्च-पाइन उगवले. उपग्रहांच्या चित्रांत हिरवाई वाढलेली दिसते तिथेच वारा जास्त मंदावलेला दिसतो. तरीही व्होतार यांचा गट सावध राहिला. वाढत्या खडबडीतपणाने घटीचा २५ ते ६० टक्के भाग समजतो, एवढेच त्यांनी म्हटले. बाकीच्या भागासाठी जागा मोकळी ठेवली, हा त्या निबंधाचा सर्वांत मोठा गुण.

कारण सगळीकडे गोष्ट एकच नाही. चीनमध्ये १९६९ ते २००० या काळात सरासरी वारा २८ टक्क्यांनी उतरला. पाच मीटर प्रतिसेकंदांहून जास्त सरासरी असलेले दिवस तर ५८ टक्क्यांनी कमी झाले. एवढी उतरण झाडी-इमारतींच्या एकट्याच्या खाती टाकणे अवघड. तो अभ्यास करणाऱ्यांनी मान्सूनकडे पाहिले. हिवाळ्यात उत्तरेकडचा थंड प्रदेश जास्त तापला, त्यामुळे उत्तर-दक्षिण तापमानातला फरक घटला. उन्हाळ्यात चीनच्या मध्य-दक्षिण भागावर धुरक्याची चादर पसरली आणि जमीन हवी तेवढी तापेना, तर दक्षिणेचा समुद्र तापतच राहिला. वाऱ्याला जोर येतो तो तापमानातल्या आणि दाबातल्या फरकातून. फरक बुजला की वारा पडतो. शिवाय सूक्ष्म कणांमुळे जमीन कमी तापली, की हवेची खालीवर घुसळणही मंदावते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरत नाही. मार्क जेकबसन आणि योरम कॉफमन यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संदर्भात हे दाखवले होते.

भारताचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. पुण्याच्या हवामान विभागातले जसवाल आणि कोप्पर यांनी १९६१ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासून ‘मौसम’ या विभागाच्याच त्रैमासिकात २०१३ मध्ये निष्कर्ष दिले. देशाच्या मोठ्या भागात जमिनीलगतचा वारा उतरला होता. इथे मात्र युरोपासारखे ‘वर सगळे ठीक, खाली बिघाड’ असे म्हणता येत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून जो वेगवान झोत दक्षिण भारतावर येतो, तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटरवर असतो. झाडाझुडपांचा खडबडीतपणा त्याला तिथे अडवू शकत नाही. तो झोतच १९५० पासून अशक्त होत गेल्याचे पी. व्ही. जोसेफ आणि अनू सायमन यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मधून दाखवले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१५ मध्ये त्याचे मूळ हिंदी महासागरात शोधले. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्याच्या मोसमात १.२ अंशांपर्यंत तापला. भारतीय उपखंड त्या मानाने तापला नाही. जमीन आणि समुद्र यांच्यातला जो फरक मान्सूनला ओढून आणतो, तोच कमी झाला.

२०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मेंग गाओ, मायकेल मॅकएलरॉय आणि सहकाऱ्यांनी हा धागा थेट पवनऊर्जेपर्यंत नेला. १९८०पासून भारताची पवनऊर्जेची क्षमता घटत आली, ही घट हिंदी महासागराच्या तापण्याशी जोडलेली आहे आणि ती पश्चिम भारतात जास्त आहे. पवनचक्क्यांतली गुंतवणूक मोठ्या प्रमाणावर झाली तीही याच भागात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, वनकुसवड्याचे पठार आहे, शेजारी चाळकेवाडी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. धुळ्याच्या ब्राह्मणवेलला त्याहून मोठे क्षेत्र उभे झाले. या पठारांवरची वीज वर्षभर सारखी येत नाही. मान्सूनचे महिने म्हणजे तिचा हंगाम. त्या हंगामाचा जोर सोमालियाच्या झोतावर अवलंबून असेल, तर समुद्राच्या तापमानाची नोंद हा वीज मंडळाच्याही जिव्हाळ्याचा विषय व्हायला हवा.

शहरांचा प्रश्न वेगळा. मुंबईची हवा समुद्री वाऱ्याने धुऊन निघते, हे गृहीत धरून या शहराने आपला धूर वाढवला. २०२२-२३च्या हिवाळ्यात वारा मंद राहिला आणि मुंबईची हवा कधी नव्हे इतकी बिघडली. सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनाशी गुफरान बेग आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध जोडला आहे. प्रशांत महासागरातल्या थंड पाण्याचा परिणाम चेंबूरच्या श्वासात उतरतो, हे पटायला जड आहे. पण धूर आपला असतो आणि तो वाहून नेणारा वारा आपल्या ताब्यात नसतो.

आणि मग वारा सावरला. २०१९ मध्ये झेंग झेनझोंग आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवले, की २०१०च्या सुमारास दिशा उलटली. जगभरच्या केंद्रांची सरासरी २०१० मध्ये ३.१३ मीटर प्रतिसेकंद होती. २०१७ पर्यंत ती ३.३० झाली. वेगाचा घन घेतला, तर शक्तीत ही वाढ सतरा टक्क्यांची भरते. वेग वाढण्याची गती आधीच्या घसरणीच्या जवळपास तिप्पट होती. ही बातमी पवनऊर्जा क्षेत्राला अर्थातच गोड लागली.

शास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल दुसरीकडे आहे. २०१० नंतर जंगले तुटून रान सपाट झाले नाही, शहरे ओस पडली नाहीत. उपग्रहांच्या नोंदींप्रमाणे २००० नंतर जगाची हिरवाई वाढलीच, आणि त्यात चीन व भारत आघाडीवर होते. भारतातली वाढ बहुतांशी शेतीची. म्हणजे काठ अधिकच खडबडीत झाला, तरीही वारा वाढला. केवळ खडबडीतपणाने सगळी उतरण समजावता येत असती, तर हे घडायला नको होते. झेंग यांच्या गटाने उत्तर अटलांटिक आणि प्रशांत महासागरांतल्या दशकांच्या मापाने चालणाऱ्या चढउतारांकडे निर्देश केला. समुद्राच्या एका भागाचे तापमान वर्षानुवर्षे थोडे जास्त किंवा थोडे कमी राहते, त्यामुळे दाबाची मांडणी सरकते आणि हजारो किलोमीटर दूरच्या माळावरचा वारा बदलतो. दहा मीटरवरच्या आकड्यात जमीन आणि समुद्र दोघांचा हात आहे. कोणाचा किती, हे प्रदेशागणिक आणि दशकागणिक बदलते.

हे सावरणे सरळ रेषेतही चाललेले नाही. २०२१ मध्ये वायव्य आणि मध्य युरोपाच्या काही भागांत वर्षाची सरासरी १९७९ नंतरच्या सर्वांत कमी पातळ्यांपर्यंत उतरली, आणि पवनविजेवर भिस्त असलेल्या देशांची ऐन नैसर्गिक वायूच्या टंचाईत ओढाताण झाली.

खुद्द समुद्रावरचा वारा तर जमिनीवर उतरण चालू असतानाच वाढत होता. ऑस्ट्रेलियाच्या इयन यंग यांनी १९८५ ते २००८ या काळातल्या उपग्रहांच्या मोजमापांवरून २०११ मध्ये ते मांडले. जहाजांवरच्या नोंदी मात्र इथे जपून वापराव्या लागतात. जहाजे दशकागणिक उंच होत गेली, त्यांच्या डोलकाठीवरचा मापकही वर चढला, आणि वर वारा जास्तच असतो. उंचीची दुरुस्ती केली नाही तर नुसत्या जहाजबांधणीच्या इतिहासाला वाऱ्याची वाढ समजण्याची पाळी येते.

आता भारतासमोर एक नाजूक टप्पा आहे. स्वयंचलित केंद्रांची संख्या वाढते आहे. ध्वनिलहरींनी वारा मोजणाऱ्या यंत्रांत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे धारवा झिजण्याची चिंता मिटते आणि अगदी हलकी झुळूकही नोंदली जाते. म्हणजेच जुने यंत्र काढून नवे बसवले त्या दिवसापासून कागदावर वारा वाढलेला दिसेल. पुढच्या पिढीतला अभ्यासक ती वाढ हिंदी महासागराच्या खाती टाकील. ते टाळायचे तर जुने आणि नवे यंत्र एकाच जागी निदान एक वर्ष, म्हणजे सगळे ऋतू, सोबत चालले पाहिजे. दुसरी गोष्ट उंचीची. पवनचक्क्यांच्या पात्यांचा मध्य आता शंभर मीटरच्या वर गेला आहे, आणि चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था १२० आणि १५० मीटर उंचीचे नकाशे तयार करते. त्या उंचीवरच्या प्रत्यक्ष नोंदी थोड्या वर्षांच्या आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांची माहिती हवी असेल तर ती दहा आणि तीन मीटरवरच्या जुन्या वह्यांतच मिळेल. त्या वह्यांतल्या आकड्यांसोबत केंद्र कधी हलले, मापक कधी बदलला, वंगण कधी दिले, भिंत कधी उठली, कोणत्या बाजूला ऊस आला, याच्या नोंदी जुळवून ठेवायला हव्यात. कित्येक केंद्रांवर हा इतिहास आज निवृत्त निरीक्षकांच्या आठवणीतच आहे. त्यांच्याकडून तो लिहून घ्यावा, आणि प्रत्येक केंद्राची चारही दिशांची छायाचित्रे दर वर्षी, पेरणीआधी आणि काढणीआधी, त्याच जागेवरून घेतली जावीत.